अल ऐनची थंडी आणि सरहद्दीपलीकडे गेलेला डबा

"आई, स्वेटर आण. इथे वारा सुटला की बोटं बधिर होतात," असं मृणाल फोनवर म्हणाली तेव्हा मला हसूच आलं. वाळवंटात कसली आलीये थंडी? पण लेक सात वर्षं तिथे राहतेय, तिला माहीत असणार. फोन ठेवता ठेवता तिने आणखी बजावलं, "आणि खसखशीची पुडी आणू नकोस हं. इथे चालत नाही." मी पुडी बॅगेतून काढून फडताळात ठेवली. डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र घेतला. हिवाळ्यात लेकीकडे जायचं आणि डिंकाचे लाडू न्यायचे नाहीत, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

ही गेल्या नोव्हेंबरअखेरची गोष्ट. दुबईत मंदीने सगळं थबकलं त्याला वर्ष होऊन गेलं होतं. विमानतळावर जावई निखिल आणि माझी सात वर्षांची नात ईरा अल ऐनहून घ्यायला आले होते. (तुम्हाला कोणी न्यायला येणार नसेल तर दुबईहून अल ऐनला बस मिळते. वीसेक दिरहम, म्हणजे अडीचशे रुपये. दोन तास धरून चाला.) शहर सोडताना रस्त्याकडेला अर्ध्यावर थांबलेल्या इमारती दिसत होत्या. त्यांच्यावरच्या क्रेन हलत नव्हत्या. पुढे तांबूस वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या आणि क्षितिजावर काळपट काहीतरी उठलं.

"ढग आले वाटतं," मी म्हटलं.

"नो आजी, दॅट्स डस्ट," ईरा म्हणाली. "क्लाउड्स कम आफ्टर."

तिचं बरोबर होतं. अल ऐनला पोचलो तेव्हा काचा धुळीने माखल्या होत्या, आणि गाडीतून उतरताच जो वारा अंगावर आला त्याने मला बॅगेतला स्वेटर तिथेच, पार्किंगमध्ये काढायला लावला.

अल ऐन शांत गाव आहे. उंच इमारती नाहीत, जिथे तिथे वर्तुळाकार चौक, आणि चौकाचौकांत हिरवळ. गाडीशिवाय चालत नाही, टॅक्सी मात्र स्वस्त आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही खजुरांच्या बागेत फिरलो. मातीच्या बुटक्या भिंतींमधून वाट जाते, कडेने पाटाचं पाणी खळखळतं. उन्हाळ्यात तिथे गारवा असतो म्हणे. आम्हाला तर हुडहुडी भरली. सुकलेल्या झावळ्या वाऱ्याने एकमेकींवर आपटत होत्या आणि वर आभाळ राखाडी झालं होतं. उंटांच्या बाजारातही गेलो. जायचं तर सकाळी लवकर जा, आणि फोटो काढण्याआधी किंमत ठरवा.

मृणालच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये शीबा आणि बिजू हे केरळचं जोडपं राहतं. बिजू एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचा. महिन्याभरापूर्वी त्याची नोकरी गेली होती. व्हिसा रद्द व्हायला थोडे दिवस उरले होते आणि तेवढ्यात नवीन काम मिळालं नाही तर दोघांना परत जावं लागणार होतं. सोमवारी शीबा सांगायला आली, की ओमानमध्ये सोहारला बिजूची मुलाखत आहे, उद्या सकाळी तो गाडीने जाऊन संध्याकाळी परत येणार. ओमानची हद्द अल ऐनला लागूनच आहे. चेकपोस्ट ओलांडून डोंगरातून गेलं की समुद्र.

मंगळवारी सकाळी मी दारात उभी राहून बिजूच्या तळहातावर दही घातलं. तो कोट सांभाळत ते चाटून मोकळा झाला. मग मी दहा-बारा लाडू एका डब्यात भरून त्याच्या हातात दिले.

"आंटी, इंटरव्ह्यू के लिये जा रहा हूँ, शादी में नहीं," तो म्हणाला.

"रास्ते में खाना. ठंडी है," मी म्हटलं.

त्याने डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि तो गेला.

दुपारी मृणाल शाळेतून आली. ती तिथे शिकवते. चहाबरोबर तिने पहिल्यांदाच माझा लाडू घेतला, अर्धा मोडला आणि तशीच थांबली. खिडकीपाशी नेऊन तिने तो तुकडा निरखला.

"आई, यात खसखस आहे?"

"असणारच. भाजून घातलीये. तू पुडी आणू नको म्हणालीस ना, ती नाही आणली."

तिने तो तुकडा बशीत परत ठेवला. मग तिने मला समोर बसवून सांगितलं. तिथे खसखस अमली पदार्थांत धरतात. पुडीत असो वा खाण्यात, दाण्याला दाणा सारखाच. विमानतळावर अशी माणसं पकडली गेली आहेत, तुरुंगात गेली आहेत. मी त्या विमानतळावरून निवांत चालत आले होते, डबा पिशवीत वरच्यावर ठेवून.

"आणि बिजूला दिलेस?" तिने विचारलं.

निखिल घरी आला तेव्हा पहिलं काम त्याने उरलेल्या लाडवांचं केलं. संडासात कुस्करून टाकले. साजूक तुपातले लाडू ते, बुडेनात. डिंक फुलून वर तरंगायला लागला. तो पुन्हा पुन्हा पाणी सोडत होता आणि मी मागे उभी होते. चार दिवस खपून केलेली वस्तू अशी जाताना बघून मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझं लक्ष फक्त खाली जिन्यावर कोणाची पावलं वाजतात का, याकडे होतं.

"हद्दीवर फोन करून विचारता येईल का?" मी म्हटलं.

"काय विचारायचं, आई? विचारणं म्हणजेच सांगणं."

कंपनीचा मोबाइल बिजूने परत केला होता. नवीन कार्ड हद्दीपलीकडे चालत नव्हतं. संध्याकाळी पाऊस आला, सोबत गाराही. आमच्या गॅलरीचा पत्रा असा वाजत होता की एकमेकांचं ऐकू येईना. रस्त्यावरचे चौक तळ्यासारखे भरले. बिजू आला नाही.

बुधवारी सकाळी निखिलच्या ऑफिसात कळलं, की डोंगरातल्या वाद्यांना पूर आलाय आणि सोहारचा रस्ता बंद आहे. वादी म्हणजे एरवी कोरडं असणारं नदीचं पात्र. वर पाऊस पडला की काही मिनिटांत पाण्याची भिंत येते. आता मला दोन भीती होत्या, आणि लाज वाटते सांगायला, पण मी मनातल्या मनात त्यांतली एक निवडत होते. रस्ता बंद असल्यामुळेच तो अडकलेला असू दे. पोलिसांकडे नको.

निखिलचं म्हणणं होतं, शीबाला इतक्यात सांगू नये. दुपारपर्यंत मी कळ काढली. मग शाल घेतली आणि शेजारच्या घराची बेल वाजवली.

शीबा खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होती. माझं हिंदी मध्येच संपलं, तेव्हा इंग्रजीत सांगितलं.

"आंटी, कितना लड्डू था?"

"दहा-बारा."

"वो कस्टमवाले को भी देगा," ती म्हणाली. "सबको देता है. पेट्रोल पंप पे भी देता है. आदत है उसका."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ती उठली. मला वाटलं, आता ही मला दाराबाहेर काढणार, आणि तसं तिने केलं असतं तर मी काही बोलले नसते. पण तिने भिंतीवरच्या मेरीच्या तसबिरीखालून जपमाळ घेतली आणि जमिनीवर बसली. मी परत निघाले, तेव्हा मागे न बघता म्हणाली, "बैठो आंटी."

मी नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शनिवारी आम्ही मुली चॅपलच्या मागच्या बाकावर बसायचो. हिंदू मुलींवर सक्ती नव्हती, पण मला तो गार, मेणाचा वास असलेला काळोख आवडायचा. इतक्या वर्षांत तिथल्या प्रार्थनेचे शब्द कधी आठवले नव्हते. शीबा मल्याळममध्ये म्हणत होती आणि तिच्या सुराबरोबर माझ्या तोंडून इंग्रजी शब्द आपोआप येत होते, एकही न चुकता. गुडघे दुखायला लागले तरी मी उठले नाही. बाहेर वारा दार हलवत होता. दर वेळी दार हललं की आम्ही दोघी थांबायचो.

गुरुवारी ऊन पडलं, पण हवा अशी गार की कपडे वाळेनात. जेवायच्या सुमारास ईरा गॅलरीतून ओरडली, "बिजू अंकल्स कार इज ब्राउन." आम्ही सगळे खाली धावलो. गाडी दारांच्या अर्ध्यापर्यंत चिखलाने माखलेली होती. बिजू उतरला. कोटाचा पार बोळा झाला होता.

शीबा त्याच्यापासून चार पावलांवर थांबली आणि त्याच्या बुटांकडे बघून ओरडायला लागली. मल्याळममध्ये. हे बूट घालून घरात यायचं नाही, असं काहीसं असावं. ओरडता ओरडताच ती रडायला लागली. तो बिचारा आमच्याकडे बघत राहिला.

"लड्डू का क्या हुआ?" निखिलने विचारलं.

बिजूला नवल वाटलं. "खतम. वादी में पानी आया ना, ट्रकवालों के साथ दो रात बैठा था. सब ने खाया. आंटी, बहुत गरमी देता है."

"और बॉर्डर पे?"

"बॉर्डर पे क्या? डब्बा देखा, पूछा खाना है? मैं बोला खाना है. वो बोला यल्ला, मतलब चलो, जाओ."

शीबाने त्याला तिथेच सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, गाडी नीट लावायची आहे, पण किल्ली धरवत नाही. निखिलने गाडी लावली.

शनिवारी, मी निघायच्या आदल्या दिवशी, निखिल आम्हाला जबल हफीतवर घेऊन गेला. हा डोंगर अल ऐनच्या डोक्यावरच उभा आहे. वळणावळणाचा रस्ता उत्तम आहे, पण पाऊस झाल्यावर कडेला दगड आलेले असतात, सावकाश जा. वर टपरीवर चहा मिळतो आणि वारा असा की कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. एका बाजूला वाळू आणि गाव, दुसऱ्या बाजूला ओमानचे काळे डोंगर, एकामागे एक. त्यांच्यातून जाणारा रस्ता दिसतो का ते मी बराच वेळ शोधत राहिले. दिसला नाही.

तिकडे जाणार असाल तर माझं ऐका. घरचं काहीही नेण्याआधी त्यात काय काय पडलंय ते शेवटच्या दाण्यापर्यंत आठवा. आपल्या हातांना ज्या गोष्टी इतक्या सवयीच्या असतात की त्या घातल्याचं लक्षातही राहत नाही, त्या आधी आठवा.

नाशिकला परतल्यावर मी आमच्या ह्यांना बागेबद्दल सांगितलं, उंटांबद्दल सांगितलं, गारांबद्दल सांगितलं. बाकीचं सांगायला आठवडा लागला. दारावरची बेल वाजली की मी आधी खिडकीतून कोण आहे ते बघायचे, ते संक्रांतीपर्यंत चालू राहिलं.

फेब्रुवारीत एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. शीबा होती. बिजूला सोहारची नोकरी मिळाली होती आणि दोघं घरातलं होतं नव्हतं ते गाडीत घालून त्या दिवशी कायमचे तिकडे निघाले होते.

"आंटी, क्रॉस हो गया. सब बॅग खोला उन्होंने. एक-एक डब्बा खोला."

"फिर?"

"कुछ नहीं था ना. सिर्फ बरतन, कपडा, मसाला. मुझे मालूम था कुछ नहीं है." ती थांबली. मागे ट्रकचा आवाज येत होता. "फिर भी मेरा हाथ काँप रहा था, आंटी. बिजू बोला, किसको फोन करती है, मम्मी को? मैं बोली नहीं, मम्मी को समझेगा नहीं."

तिचे हात थांबेपर्यंत आम्ही दोघी फोन धरून बसलो.