वाकड्या पाळीची बोडी

आधीच सांगून टाकतो, असले अनुभव मी वाचतो खूप, पण विश्वास शून्य. माझी नोकरीच तशी आहे. एकवीस वर्षं जमिनीची मोजणी करतोय. दोन भाऊ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एकमेकांचा गळा धरायला निघालेले असतात आणि मी मशीन लावून सांगतो, खुंटी इथे येते. जे मोजता येत नाही त्याच्याशी माझं देणंघेणं नाही. म्हणून हे लिहायला वर्षभर लाज वाटत होती... शेवटी बायकोने पिच्छा पुरवला.

घर मुर्रीला, गोंदिया शहराला लागूनच. छंद जरा विचित्र — वॉरगेमिंग. म्हणजे खऱ्या लढाईचा नकाशा टेबलावर मांडायचा, त्यावर षट्कोनी घरं आखायची, पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचं सैन्य करायचं आणि फासे टाकून तीच लढाई पुन्हा लढायची. आम्ही चौघे आहोत, चौघांचेही केस पिकलेले. बायको याला पोरखेळ म्हणते आणि तिचं फारसं चुकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरची दुसऱ्या महायुद्धातली लढाई करायला घेतली. नकाशाचं काम अर्थातच माझ्याकडे. जुना लष्करी नकाशा आणि आजचं सॅटेलाइट चित्र एका मापात आणलं, चार मोठ्या कागदांवर छापलं आणि जेवणाच्या टेबलावर चिकटवून टाकलं. आठवडाभर आम्ही जमिनीवर बसून जेवलो.

त्याच दिवसांत बायकोची आत्या केशोरीहून आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. वय पंच्याऐंशीच्या घरात, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. दोन्ही डोळ्यांनी इतकं अंधुक दिसायचं की समोर मी आहे की बायको, हे आवाजावरून ओळखायच्या.

या आत्याबाईंचे वडील त्या दीड वर्षाच्या असताना फौजेत गेले. सिंगापूरहून एक पत्र आलं, पुढे 'बेपत्ता' म्हणून सरकारी कागद. बस्स. त्यांची आई मरेपर्यंत रडायची ती एकाच गोष्टीसाठी — कुठे उपाशी तर मेला नसेल? आईचं तेच दुखणं लेकीने पुढे सांभाळलं. वडील गेले हे आत्याबाईंनी केव्हाच मान्य केलं होतं, पण कसे गेले असतील हा विचार काही सुटत नव्हता. ताटात कुणी भात उष्टा टाकला की त्यांचा चेहरा बघवायचा नाही.

रविवारची दुपार होती. त्या चाचपडत टेबलापाशी येऊन बसल्या.

"जवाई, हे काय पसरून ठेवलं?"

"नकाशा आहे, आत्याबाई. लढाईचा."

"कोन्या गावचा?"

"गाव नाही, बेट आहे. समुद्रात, फार लांब."

त्या कागदावरून तळहात फिरवत राहिल्या. मग एका जागी हात थांबला आणि त्यांनी बोट टेकवलं.

"अन् इथची बोडी काऊन नाई काढली?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो — बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला शेतातच बांधलेलं लहानसं तळं. तीन बाजूंनी मातीची पाळ, चौथी बाजू चढाकडे उघडी. मी हसलो. म्हटलं, "तिथे नुसतं जंगल आहे. बोडी आपल्याकडे."

"असंल तुमचं जंगल. बोडी हाये. डाव्या अंगानं पाळ वाकडी हाये, आमच्या बोडीवानी. आमच्या बाबानं मधात आलेलं वारूळ नाई फोडलं, पाळच वळवून देल्ली होती."

चेष्टेचेष्टेत मी तिथे लाल पेन्सिलीने फुली मारली आणि विसरून गेलो.

तीन आठवड्यांनी, आमच्यासारखाच नाद असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका आजोबांनी मला एक फोटो पाठवला. लढाई संपल्यावर विमानातून काढलेला. मी तीन पक्के बिंदू धरून तो नकाशावर बसवला. लाल फुलीच्या बरोबर खाली तीन बाजूंचा एक मातीचा बांध दिसला, शेजारी तीन गोल ढिगारे. मोर्चेबंदी आणि तोफांच्या जागा! मी खूश. फुलीचं म्हणाल तर योगायोग म्हणून सोडून दिलं.

तोवर आत्याबाईंचं ऑपरेशन होऊन डोळे स्वच्छ झाले होते. त्यांना चिडवायला फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. "बघा, तुमच्या बोडीत तोफा निघाल्या."

त्यांनी वाकून पाहिलं. "तोफा कायले म्हनता? पुंजने होत हे, धानाचे. ह्या बांध्या... अन् हे बोडी."

मी खुर्ची पुढे ओढून पुन्हा पाहिलं. धान कापून रचलेले पुंजणे, पायऱ्यांसारख्या चार बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, वर बोडी — आणि डाव्या अंगाने वळलेली पाळ. आयुष्यभर हेच मोजत आलो, पण डोक्यात लढाई घुसली होती ना! मग आठवलं... सिंगापूरला पकडलेल्या आपल्या शिपायांना जपान्यांनी त्याच बाजूच्या बेटांवर मजुरीला नेलं होतं. हे मी वाचलं होतं, पण घरात कधीच बोललो नव्हतो. तेव्हा पहिल्यांदा आत्याबाईंना सांगितलं.

त्यांनी फोटोतल्या एका पुंजण्यावर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाल्या, "पुंजने रचले, म्हंजे कापनी झाली होती?"

"हो."

"मंग बाबा जेवला, जवाई." आणि तोंडाला पदर लावून लहान पोरीसारख्या रडल्या. मीही रडलो, लपवण्यात काय अर्थ आहे?

पुढच्या रविवारी केशोरीला जाऊन त्यांची बोडी मोजली. वाटलं, आकडे निघाले की डोकं ठिकाणावर येईल. पाळीच्या डाव्या टोकापासून एक तृतीयांशावर वळण. फोटोतलं मोजलं. एक तृतीयांशावर वळण.

मान्य, ती बोडी दुसऱ्या कुणी बांधली असेल. जपानीही भातच पिकवतात. वळणाला एखादा खडक कारण असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. पण धड न दिसणाऱ्या बाईचं बोट, फोटो यायच्या तीन आठवडे आधी, त्याच जागेवर कसं टेकलं? याचं उत्तर मिळावं असं हल्ली वाटतही नाही. त्या दुपारी आमच्या घरात काहीतरी फार मोठं येऊन गेलं, एवढंच मला कळतं.

खेळ तयार झालाय. त्यात एक नियम मी घातला आहे — अमुक चार घरांत कोणत्याही सैन्याला शिरता येणार नाही. मित्रांनी विचारलं, तिथे काय आहे? दलदल? सुरुंग?

मी सांगितलं, तिथे कापणी चालू आहे.