उखा आप्पा आणि अधांतरी वीट

उखा आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघत. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, मान मागे टाकून दारावरचा लिंटल न्याहाळायचा, बोटाच्या पेरानं भिंत दोनदा ठोकायची, कान लावायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. घरातली माणसं 'या आप्पा, बसा' म्हणत ताटकळत उभी राहायची. देवळातही तीच तऱ्हा. बाकीचे देवापुढे हात जोडत, आप्पा आधी गाभाऱ्याचं छत तपासून घेत. माझ्या आईनं एकदा त्यांना यावरून हटकलं, तर म्हणाले, "देव कोठे जास नही, बहीन. छतना मात्र भरोसा नही."

आप्पा गवंडी. आमच्या कळसाडीतली निम्मी घरं त्यांच्या हातची. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या क्वार्टर्सना त्यांनी प्लास्टर केलं होतं, आणि मोलगीकडच्या डोंगरात भिंती बांधायला ते जीपच्या टपावर सिमेंटच्या गोण्यांशेजारी बसून गेले होते. तरुणपणी एका कामावर कुणीतरी खालचे टेके वेळेआधी काढले आणि ओला लिंटल त्यांच्या अंगावर आला. तेव्हापासून त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली असायचा. त्या दिवसाबद्दल ते काही सांगत नसत. "टेका नही तठे मानूस नही," एवढंच म्हणायचे, आणि ते मात्र सगळ्यांना म्हणायचे. लग्नाचा मांडव घालणाऱ्यांना, उसानं भरलेल्या ट्रॉलीच्या सावलीत डबा खाणाऱ्यांना, पत्र्याखाली बसलेल्या आमच्या मांजरीलासुद्धा.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी व्हिडिओ गेमसाठी विटा रचते. हे वाक्य कळसाडीत सांगून बघा. आमच्या गल्लीत बरेच दिवस असा समज होता की माझी ऑनलाइन वीटभट्टी आहे. खरं तर पुण्याच्या एका कंपनीसाठी मी गेमचे टप्पे तयार करते. खेळणाऱ्याचा गडी डावीकडून शिरतो आणि उड्या मारत उजवीकडच्या झेंड्यापाशी पोचतो, तो एक टप्पा. वाटेत विटा असतात आणि सगळी गंमत त्या विटांची. काही पायाखाली येताच ढासळतात, काही ढकलता येतात, काही तर दिसतच नाहीत, डोकं आपटल्यावर उमटतात. आणि सगळ्यांत मानाची म्हणजे हवेत लटकलेली सोनेरी वीट. तिच्याखाली उभं राहून उडी मारायची, डोक्यानं दणका द्यायचा, की टण्ण आवाज होतो, आतून बक्षीस पडतं आणि पुढचं फाटक उघडतं. हे जगभरातल्या लोकांना न शिकवता कळतं म्हणतात. आप्पा त्या लोकांत नव्हते.

पहिल्यांदा ते माझ्या कॉम्प्युटरसमोर आले ते दुपारचे, आईकडे ताक प्यायला आले असताना. आमचं छत बघून झालं, भिंत वाजवून झाली, आणि त्यांची नजर पडद्यावरच्या विटांवर गेली.

"हाई कोनं घर शे?"

"कोनंच नही आप्पा, खेळ शे."

"मंग इतल्या ईटा कसाले?"

मी त्यांना टप्पा चालवून दाखवला. माझा गडी एका विटेवर उभा राहिला, ती भुगा होऊन खाली गेली. आप्पा चुकचुकले. "कच्ची ईट शे. भट्टीवालानी फसाडं तुले." मग मी न दिसणारी वीट दाखवली. त्यावर ते मनापासून हसले. "अशा ईटा मी ठेकेदारस्ना कामवर भलत्या दखेल शेतस. कागदवर ऱ्हातस, भितमा दखातस नही." पुढे ती सोनेरी वीट आली आणि त्यांचं हसणं एकदम थांबलं.

"हाई कसावर टेकेल शे?"

"कसावरच नही. हवामा शे."

"हवामा ईट ऱ्हास?"

"खेळमा ऱ्हास, आप्पा."

"कितला दिन?"

तेवढ्यात आईनं ताक आणलं आणि ती वीट कशासाठी आहे हे सांगायचं राहूनच गेलं. ते राहिलं म्हणून पुढचं सगळं घडलं.

झालं असं की कंपनीला टप्पे करणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकालाच कामावर ठेवायचं होतं. तिघांनी एकेक टप्पा करायचा, दोघांनी मिळून खेळण्याचा. आणि आयुष्यात कधीच गेम न खेळलेल्या माणसाला तो खेळायला द्यायचा. जोडीदार म्हणून आपण दुसरा रिमोट धरायचा, पण बोलायचं नाही, खुणावायचं नाही, दोन बैठकांच्या मधेही काही समजावायचं नाही. नातेवाईक चालणार नाही. तीन बैठका मिळतील, सगळं रेकॉर्ड होईल. नव्या माणसानं आपल्या अकलेनं सोनेरी वीट वाजवली आणि झेंडा गाठला, तर टप्पा पास. नाहीतर काम बंद आणि मला पुण्याला दुसरी नोकरी शोधायला जावं लागणार. मी दोन वर्षांपूर्वी आईसाठी गावी परतले होते. तिचे गुडघे गेलेत, आणि घरात आम्ही दोघीच. तिला या परीक्षेचं मी काही बोलले नव्हते, पण आयांना कळतं कसं कोण जाणे. तिनं माळ्यावरची माझी बॅग काढून, पुसून, पलंगाखाली ठेवली होती.

आप्पा मात्र खुशीत तयार झाले. त्यांचा गडी लाल पागोट्याचा, माझी पोरगी हिरव्या ओढणीची. त्यांनी रिमोट थापीसारखा धरला. अर्ध्या तासात चालणं, उडी, सगळं जमलं. ढासळणाऱ्या विटा तर त्यांनी असल्या झपाट्यानं ओलांडल्या की मी बघतच राहिले. कच्च्या बांधकामावर कसं पाऊल टाकायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. मग गडी सोनेरी विटेजवळ आला आणि थांबला. थोडा मागे गेला. परत पुढे आला, परत मागे गेला. आप्पा पडद्याकडे मान वर करून बघत होते, जणू वीट आमच्या खोलीतच लटकली होती. वेळ संपला. रेकॉर्डिंग बंद झाल्यावर मी विचारलं, "आप्पा, पुढे का नही गयात?"

"टेका नही," आप्पा म्हणाले, आणि चपला घालून गेले.

मला सांगता येत नव्हतं. तोंडात वाक्य तयार होतं, 'आप्पा, पडत नाही ती, डोकं मारा खालून', पण परीक्षेच्या नियमांखाली सही करून दिली होती. खोटेपणा करून काम मिळवायचं तर आप्पांना कशाला बसवायचं, असंही वाटलं.

दुसऱ्या बैठकीला आप्पा वेगळ्याच तयारीनं आले. तोंड बंद, नजर ठाम. टप्प्याच्या सुरुवातीला ढकलायचे लाकडी ठोकळे होते, उंचावर चढायला ठेवलेले. आप्पांनी ते एकेक करून ढकलत आणले. मला वाटलं आता जमणार, आता हे वर चढून काहीतरी करणार. आप्पांनी ठोकळे सोनेरी विटेच्या बरोब्बर खाली नेले, एकावर एक चढवले आणि वीट खालून गच्च टेकवून दिली. सुतभरही फट ठेवली नाही. आता तिच्याखाली उभं राहायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे जगातल्या कुणालाही ती वाजवता येणार नव्हती.

"आते पडाव नही," आप्पा म्हणाले. त्यांनी रिमोट ठेवला, सिमेंट झटकावं तसे दोन्ही हात झटकले आणि आईला चहा टाकायला सांगितलं. इतका समाधानी खेळाडू मी आजवर पाहिलेला नाही.

पुण्याहून कंपनीच्या मॅडमनी रेकॉर्डिंग बघून फोन केला. "त्यांचं विटेकडे लक्षच जात नाहीये हो. ते ठोकळे काढून टाका, आणि वीट जरा हलती ठेवा. हलली की माणूस आपोआप तिकडे जातो." आप्पांचं लक्ष त्या विटेशिवाय दुसरं कुठेच नव्हतं, हे त्यांना कसं सांगणार? पण ऐकणं भाग होतं. मी ठोकळे काढले आणि दर चार-पाच सेकंदांनी वीट थरथरेल अशी सोय केली. म्हणजे टेका काढून घेतला आणि वर वीट हलवली. हे एका गवंड्यासाठी! त्या दुपारी मीच बॅग पलंगाखालून ओढून दोन साड्या टाकून बघितल्या, मावतात का म्हणून.

आप्पा आता नाहीत. गेल्या उन्हाळ्यात, स्वतः बांधलेल्या घरात, दुपारच्या झोपेत गेले. त्या घराला त्यांनी कधी प्लास्टर केलं नाही. "लोकस्ले काम दखावाले पाहिजे," म्हणायचे, आणि खरंच त्या उघड्या भिंतीत विटांचा एक उभा सांधा दुसऱ्याच्या थेट खाली सापडायचा नाही, अशी पक्की बांधणी. त्या दिवशी गाव गोळा झालं. मी दाराशी उभी होते. आत येणारा प्रत्येकजण उंबऱ्याशी क्षणभर थांबत होता, वर बघत होता, आणि मग आत पाऊल टाकत होता. आपण असं करतोय हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. मला रडताना हसू आलं. आप्पांची आठवण मला अशी कधीही येते, आणि जोरात येते.

पण तिसरी बैठक सांगायची राहिली.

ती होळीच्या आधीची दुपार होती. आप्पा आले, छत बघितलं, बसले. पडद्यावर वीट थरथरली आणि त्यांनी श्वास आत ओढला. "हाई तं हाली ऱ्हायनी!" त्यानंतर त्यांचा गडी विटेपासून दहा पावलं लांब जो उभा राहिला तो राहिलाच. मी माझ्या हिरव्या ओढणीच्या पोरीला उगाच इकडून तिकडे फिरवत होते. मनातून मी हरले होते. तेवढ्यात आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "वं पोरी, दूध दख, मन्हाकडथून उठाई नही ऱ्हायनं!" मी रिमोट खाली ठेवला आणि धावले. पोरगी कुठे उभी आहे हे मी पाहिलंसुद्धा नाही.

गॅस बंद करते न करते तोच खोलीतून आरोळी आली.

"ये पोरी! सरक तठून! सरक!"

मला वाटलं खरंच काही कोसळलं. पळत आले, तर आप्पा खुर्चीतून अर्धे उठलेले, डोळे पडद्यावर. माझी पोरगी सोनेरी विटेच्या बरोबर खाली उभी होती आणि वर वीट थरथरत होती. लाल पागोट्याचा गडी जिवाच्या आकांतानं तिच्याकडे पळत होता. तो विटेखाली शिरला. टेका नव्हता, काही नव्हतं, तरी शिरला. आणि आप्पांनी उडीचं बटण दाबलं. गडी दोन्ही हात वर करून उडाला, निसटता दगड वरच्या वर तोलून धरायला माणूस हात लावतो तसा.

टण्ण!

वीट उजळली. आतून सोनेरी आंबा पडला. फाटक उघडलं.

"निंघ ना!" आप्पा ओरडले. मी रिमोट उचलून पोरीला फाटकातून बाहेर पळवलं. ती सुटलेली दिसल्यावर आप्पांचा गडी मागून निघाला, आंब्यावरून उडी मारून, थेट झेंड्यापर्यंत. पडद्यावर फटाके फुटले, गाणं वाजलं. टप्पा पास झाला होता. मी ओरडणार होते, पण आप्पा माझ्यावरच तुटून पडले.

"आक्कल शे का तुले? इतली शिकेल पोर आनि हालती ईटखाले उभी ऱ्हास? आनि तठे सोडीसन चालनी जास?" पाच मिनिटं त्यांनी मला झाप झाप झापलं, आणि ते सगळं रेकॉर्ड झालं. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि उजव्या हातानं डावा खांदा चोळत बसले. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले.

मॅडमना टप्पा पसंत पडला. काम राहिलं, मी राहिले. फक्त त्यांनी एक फॉर्म पाठवला. त्यात प्रश्न होता, की वीट वाजवल्यावर खेळाडूनं बक्षीस का उचललं नाही? आंबा पुरेसा मोठा नव्हता का, रंग उठून दिसत नव्हता का? बैठका संपल्या होत्या, आता विचारायला हरकत नव्हती. मी फॉर्म घेऊन आप्पांच्या ओट्यावर गेले.

"आप्पा, तो आंबा का नही लिन्हा तुम्ही?"

"कसाना आंबा?"

"ईटमाईन पडना ना, सोनाना. इतला मोठा."

आप्पांनी खूप आठवून पाहिलं. मग मान हलवली.

"मी नही दखा, पोरी. तू निंघनी का नही, तेच दखी ऱ्हायंतू."