अर्जवाल्या काकांची फाइल

अर्जवाले काका लोकांचे ऑनलाइन अर्ज पैसे घेऊन भरायचे आणि बोलणी मात्र फुकट द्यायचे. टेबलावर लोकांकडे तोंड करून त्यांची पाटी होती: ‘आधी सूचना वाचा, मग तोंड उघडा.’

गेले आठ दिवस त्यांच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरने उच्छाद मांडला होता. वायर ठीक, राउटरचे दिवे ठीक, पण एकही साइट उघडेना. साइटचा पत्ता कोणत्या नंबरावर विचारायचा, हेच मशीन विसरायचं. काका एक फाइल उघडून त्यात तो नंबर टाकायचे, की गाडी रुळावर. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं, की ये रे माझ्या मागल्या!

आठव्या सकाळी बाहेर रांग लागली आणि काकांचं डोकं फिरलं.

“रोज लिहितोय आणि रोज पुसलं जातंय! त्या नेटवाल्यांना सात फोन केले. मेले म्हणतात, आमच्याकडून सगळं चालू आहे!”

शेजारी झेरॉक्स काढणाऱ्या काकू चष्मा सावरत पडद्याकडे वाकल्या. “अहो, पण फाइलीत सगळ्यात वर हे काय लिहिलंय?”

“असेल काहीतरी. ते कोण वाचत बसतं?”



काकूंनी ती इंग्रजी ओळ वाचून मराठीत सांगितली. “या फाइलीत हाताने काही लिहू नका. मशीन सुरू होताना ते पुसलं जाईल.”

मग त्यांनी टेबलावरची पाटी उचलली आणि काकांकडे तोंड करून ठेवली.