काका, लवकर मरा

लातूरच्या दवाखान्यात माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हृदयात स्टेंट टाकून महिनाही झाला नव्हता, आणि नरसिंह जयंतीला नरसिंहाचं सोंग मीच घेणार म्हणून ते हटून बसले. मी नांदेडहून तडक चाकूरजवळच्या आमच्या गावी गेले आणि कडाकडा भांडले.

"डाक्टरला काय कळतंय देवाचं? मुखवटा चढला की त्योच नाचवतोय. तू गप बस."

अण्णांपुढे आजवर कुणाचं चाललंय! वैशाखातली ती संध्याकाळ, वारा ठप्प, आणि डोक्यावर भलाथोरला लाकडी मुखवटा. आमच्याकडचा नेम असा, की मुखवटा बांधला की त्या माणसाला हाक मारायची नाही. कमरेचा शेला मागून धरणारे दोघं सोडले तर कुणी जवळही जायचं नाही. तो देव झालेला असतो. आणि हिरण्यकश्यपू मरून आरती झाल्याशिवाय मुखवटा उतरत नाही.

हिरण्यकश्यपू होते अण्णांचे जुने दोस्त, गावातले टेलर. मी त्यांना काका म्हणते. मरण्याआधी ते गदा फिरवत, पोरांना भेडसावत पुष्कळ वेळ लढतात. त्या लढाईचा त्यांना कोण अभिमान!

देवळासमोर कामट्यांना कागद चिकटवून केलेला खांब टरकन फाटला आणि अण्णा बाहेर आले. सुरुवातीला पाय हलगीवर बरोबर पडत होते. मग डावा पाय मागं राहायला लागला. अण्णा एका बाजूला झुकले.

"अंगात आलंय! वाजवा जोरात!" कुणीतरी ओरडलं.

हलगी कडाडली. अण्णा आणखी झुकले, तशा बायका हात जोडून वाकल्या. शेलेवालेही भक्तिभावानं डोलत होते. ती चक्कर होती, आणि साऱ्या गावाला त्यात देव दिसत होता. मला त्या गर्दीचा, हलगीचा, देवाचासुद्धा संताप आला.

देवाला हाक मारायची नव्हती. राक्षसाला हाक मारायला कुणाची बंदी होती? मी पुढे घुसले.

"काका, मरा! लवकर मरा!"

लोक खो खो हसले. काकांनी डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. त्यांनी गदा टाकली, झुंज घेतल्यासारखी अण्णांच्या कमरेला मिठी मारली आणि त्यांना ओढत नेऊन देवळाच्या उंबऱ्यावर बसवलं. मग स्वतःच त्यांच्या मांडीवर आडवे झाले.

"एवढ्यात मेला व्हय?" पोरांनी शिट्ट्या मारल्या.

काकांनी दोन्ही हात वर करून मुखवटा हनुवटीखालून तोलून धरला. लोकांना वाटलं, राक्षस गयावया करतोय. आरती संपेपर्यंत ते हात थरथरत तसेच वर होते.

मुखवटा उतरवला तेव्हा अण्णांचा चेहरा पांढराफटक होता. मी पाणी पाजलं. घोटभर पिऊन ते काकांवर चिडले.

"यंदा लढलाच न्हाईस की रे!"

काकांचे हात आखडून वरच राहिले होते. ते मी धरून हळूहळू खाली घेतले.