ढगाळ हवेचा रोल

आभाळावर एवढा भरवसा ठेवणारा माणूस अख्ख्या गेवराई तालुक्यात दुसरा नव्हता, आणि त्याच्या त्या भरवशाचा मी गैरफायदा घेतला, हे आधीच कबूल करतो. तो माझा शाळासोबती. तलवाड्यात त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथल्याच दूध सोसायटीचा सेक्रेटरी.

कडक उन्हाला शंभर स्पीडचा रोल आणि ढगाळ हवेला कमी उजेडात चालणारा चारशेचा, एवढं हौशी माणसालाही कळतं. आमच्याकडे तर दुष्काळामागून दुष्काळ, आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. पण या गृहस्थाच्या कपाटात फक्त चारशेचे रोल. "उनाचा रोल ठिवला म्हंजी पाऊस येनार न्हाई असं आपुनच लिहून दिल्यावानी हाय," असं तो म्हणे. त्याच्या जुनाट कॅमेऱ्याला ते ऊन झेपत नसे. लग्नाच्या फोटोत वऱ्हाड पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखं दिसायचं, नवरदेवाच्या मिशा गायब. मुलींचे बाप तेवढे खूश, कारण दाखवायच्या फोटोत सगळ्याच गोऱ्या. चारा छावणीतल्या जनावरांचे फोटो त्यानं काढले, तेव्हा तांबडी गाय कुठली आणि पांढरा बैल कुठला ते कळेना. छावणीच्या साहेबानं झापलं, तर हा शांतपणे म्हणाला, "साहेब, एक आभाळ येऊ द्या, मंग रंग बघा."

अशातच एका उन्हाळ्यात सोसायटीनं सभासदांची कोकणात सहल काढली. दूध आटलेलं, कॅन पालथे पडलेले, पण मंजूर झालेला खर्च वाया जाऊ द्यायचा नाही, असा चेअरमनचा हट्ट. फोटो काढायला म्हणून त्याची जागा मीच धरली होती. त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. नवा शर्ट शिवला आणि गिऱ्हाइकाची मान सरळ करता करता सांगू लागला, "नुसतं पानीच पानी, पलीकडचा काठच न्हाई!"

सहलीच्या आदल्या दिवशी सकाळी चेअरमन म्हणाले, आमच्या मेहुण्याला घ्या. बसमध्ये जागा नव्हती. मी स्टुडिओत गेलो.

"शंभरचे रोल घेतलेस का?"

"का रं? समुद्रावर ढग असत्यातच की."

"मे महिना हाय. सोसायटीचा पैसा पांढऱ्या फोटोंसाठी न्हाई. तू ऱ्हाऊ दे."

तो हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. "मंग शंभरचा आनतो की. आत्ता गेवराईला जाऊन आनतो. सेक्रेटरी, आनतो म्हनलं ना."

"आता उशीर झाला," मी म्हणालो.

समुद्रावर रखरखीत ऊन होतं. मेहुण्यानं काढलेले फोटो फार छान आले. गावात परतल्यावर माझ्या मित्रानं ते एकेक करून पाहिले, "रंग लई भारी आलेत," म्हणाला आणि परत केले. त्यानंतर त्याच्या कपाटात शंभरचे रोल दिसू लागले. मिशा जागच्या जागी, गाय तांबडी, गाव खूश. पाऊस त्याही वर्षी आला नाही, पण तो आता आभाळाचं नावच काढीना. मला त्या दुकानावरून जाववेना.

स्टुडिओ बंद पडून बरीच वर्षं झाल्यावर एकदा त्याच्या ओट्यावर बसून मी मेहुण्याची सगळी हकीकत सांगितली.

"म्हंजी माझ्या रोलमुळं न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो. "तुझ्या रोलमुळं न्हाई. वेळ बी व्हता, मीच खोटं बोललो. माझं चुकलं. माफ कर मला."