घरी न गेलेली पुस्तकं

नरसिंह खळदकरांनी बावीस वर्षांत त्या खोलीतलं एकही पुस्तक कुणाच्या घरी जाऊ दिलं नाही.

दिल्लीतल्या एका विद्यापीठाचं ग्रंथालय, दुसरा मजला, जिन्याच्या टोकाची खोली. आत एकोणिसाव्या शतकातल्या चारशे बारा कादंबऱ्या. बहुतेक मराठी, थोड्या गुजराती आणि हिंदी. भाषाशास्त्राचे प्राध्यापक बळवंत सोहनी यांनी त्या एकेक करून जमवल्या होत्या. गोष्टींशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. कादंबरीतली माणसं एकमेकांशी बोलतात कशी, एवढंच त्यांना बघायचं होतं. सासू सुनेला हाक कशी मारते, कारकून साहेबापुढे वाक्य कुठे तोडतो, खोटं बोलणारा आधी कशाची चौकशी करतो. पानापानावर प्रत्येक संवादाच्या शेजारी, समासात, ते बारीक पेन्सिलीने दोन अक्षरं लिहीत. एक बोलणाऱ्याचं, दुसरं ऐकणाऱ्याचं.

नरसिंह बार्शीहून एकोणऐंशी साली इथे परिचर म्हणून लागले. पुस्तकं पुसता पुसता वाचू लागले आणि दोन वर्षांत सरांच्या खुणा त्यांना पाठ झाल्या. सरांनी निम्म्या पुस्तकांत खुणा केल्या. पुढे सर निवृत्त झाले, वारले. उरलेल्या निम्म्या पुस्तकांत नरसिंहांनी केल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

सरांची एक शिकवण मात्र त्यांनी गाठीशी बांधली होती. “नरसिंह, ही पुस्तकं घरी गेली की परत येताना चार पानं कमी होऊन येतात. ज्याला वाचायचं तो इथे बसेल.” आणि दुसरी, “वाचायला आलेल्या माणसाची सही घेऊ नका. तो काही पोलीस ठाण्यात आलेला नाही.”

म्हणून त्या खोलीत वही नव्हती. कुणी आलं की नरसिंह आधी गाव विचारत, मग हात धुवून यायला सांगत. टेबलावर एक लहान, चपटी उशी ठेवत आणि तिच्यावर पुस्तक उघडत, म्हणजे पुस्तकाचा कणा मोडत नसे. उशा गिरिजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, शिवल्या होत्या. “माणसाला उशी नाही ती पुस्तकाला,” असं म्हणत त्यांनी सहा शिवल्या. वाचणारे येत. मुखर्जीनगरात राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी लातूर-नांदेडकडची मुलं येत. त्यातली निम्मी चार शब्द मराठी कानावर पडावेत म्हणूनच येत. नरसिंहांना ते कळत असे. ते त्यांनाही हात धुवायला लावत.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद डकवलेला होता. पुस्तक बाहेर गेलं की त्यावर शिक्का पडायचा. चारशे बारा कागद कोरे होते. कधी संध्याकाळी निघण्याआधी ते एखादं पुस्तक मागून उघडत आणि तो कोरा कागद बघत. स्वच्छ पुसलेल्या ओट्याकडे बाई बघते तसे.

दोन हजार एकच्या ऑक्टोबरात हरिदास परिपत्रक घेऊन वर आला. हरिदास खालच्या देवघेव काउंटरवर होता. मूळचा गढवालातल्या पौडीचा, नरसिंहांच्याच वर्षी लागलेला.

“खल्दकर जी, पढ़ लो. बैठकर पढ़ना.”

नरसिंहांच्या आडनावातला ळ दिल्लीत कुणालाच जमला नव्हता.

परिपत्रकात लिहिलं होतं की दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं संग्रहातून काढून टाकावीत. दुसऱ्या मजल्यावर संगणक येणार होते.

“हमारी तो सब पढ़ी जाती हैं,” नरसिंह म्हणाले.

“कागज़ पे?”

नरसिंहांनी परिपत्रकाची घडी घातली. खोलीत एक मुलगा वाचत बसला होता. त्याने पान उलटलं, तेवढा आवाज झाला.

“सुनो,” हरिदास खाली वाकून कुजबुजला, “मोहर मेरे पास है. तारीख़ घुमाने में क्या लगता है? पचास किताबों पे लगा दो, दो-दो. पंचानबे, सत्तानबे, जो मन करे. मैं रजिस्टर देख लूँगा.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने शिक्का आणि शाईची गादी खरंच आणून दिली. नरसिंहांनी दार लोटलं. पहिलं पुस्तक घेतलं, मागून उघडलं, शिक्क्याची चाकं फिरवून मार्च अठ्ठ्याण्णव लावला. हात तसाच राहिला. सही न करता आलेली माणसं त्यांना आठवत होती. कोण कुठल्या खुर्चीवर बसला, कोणाला खोकला होता, सगळं. त्यांच्या नावावर चार खोट्या तारखा घालायला त्यांची फारशी हरकत नव्हती. पण शिक्का मारायचा म्हणजे हे पुस्तक मार्चमध्ये या खोलीबाहेर गेलं, कुणाच्या तरी पिशवीत, बसमध्ये, एखाद्या खाटेवर पडून राहिलं, असं लिहून द्यायचं. ते त्यांच्याने होईना. त्यांनी गादी मिटवली.

“तू पागल है,” हरिदास म्हणाला. खूप वर्षांत तो पहिल्यांदा तू म्हणाला.

“तुमच्या त्या बोलक्या पुस्तकांना सांगा म्हणावं, बोला आता,” घरी गिरिजाबाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बघून पोळी वाढता वाढता थांबल्या. “अहो, ती अक्षया होती ना? तीन हिवाळे येत होती. तिचा प्रबंध दाखवा की. तेवढं पुरे नाही का?”

नरसिंहांच्या डोक्यातही तेच होतं. अक्षया निमकर, नगरची. जुन्या कादंबऱ्यांतल्या भांडणांवर काम करत होती. ब्याण्णवपासून पंच्याण्णवपर्यंत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायची आणि मधेच हसून म्हणायची, “काका, ही बाई बघा, नवऱ्याला एक शब्द उलट बोलत नाही आणि त्याला पुरता गुंडाळते!” या खोलीतून एक डॉक्टरेट झाली, असं नरसिंह सहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले होते.

ती आता नोएडात नोकरी करते, एवढं मुलांकडून कळलं होतं. शनिवारी ते बसने गेले. साठ नंबरच्या सेक्टरच्या पुढे रस्ता अजून व्हायचा होता. दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं, मधेच काचेची उंच इमारत, तिच्यात समोरच्या शेताचं प्रतिबिंब. पहारेकऱ्याने त्यांना आत सोडलं नाही. अक्षयाच खाली आली. गळ्यात ओळखपत्र, केस कापलेले.

“काका! अय्या, तुम्ही इथे? घरी सगळं ठीक ना?”

बाहेर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर दोघं बसली. कंपनीत ती मुलांना फोनवर बोलायला शिकवत होती. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी.

“सगळं छापलेलं असतं, काका. पहिलं वाक्य हे. समोरचा चिडला तर हे. जास्तच चिडला तर हे, आणि मग सॉरी. दोन सॉरींच्या मधे किती थांबायचं, ते मी शिकवते.” ती हसली. “सोहनी सर असते तर समासात काय लिहिलं असतं, कुणास ठाऊक.”

नरसिंहांनी सगळं सांगितलं. परिपत्रक, संगणक, कोरे कागद. “तुझ्या प्रबंधाची एक प्रत मिळाली तर समितीपुढे ठेवतो. पुढल्या गुरुवारी बैठक आहे.”

अक्षयाने हातातला ग्लास खाली ठेवला.

“प्रबंध दिलाच नाही मी.”

“म्हणजे?”

“पंच्याण्णवात बाबा गेले. धाकट्याचं शिक्षण होतं. म्हटलं, वर्षभर नोकरी करू, मग पुरा करू. तीन प्रकरणं झाली होती. ट्रंकेत आहेत.” तिने ग्लास पुन्हा उचलला. “तुम्हाला सांगायला येणार होते. दोनदा गेटपर्यंत आले, काका. मग वाटलं, तुम्ही आधी हात धुवायला सांगाल आणि उशी काढाल. तिथूनच परत फिरले.”

नरसिंहांना तिला काहीतरी म्हणायचं होतं. हजारो संवाद त्यांनी तपासले होते. अशा वेळी माणसं काय म्हणतात, त्यातलं एकही वाक्य त्यांना सुचलं नाही.

“मी पत्र देते,” ती म्हणाली. “पण काय म्हणून लिहू? कोण म्हणून सही करू?”

“वाचायला येत होते, एवढंच लिही.”

तिने तिथेच लिहून दिलं. कंपनीच्या कोऱ्या कागदावर, दोन्ही बाजूंनी.

गुरुवारच्या बैठकीत पाच जण होते. उपग्रंथपाल साधना भटनागर अध्यक्षस्थानी. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नरसिंहांना खुर्ची दिली, अक्षयाचं पत्र इतरांना हिंदीत वाचून दाखवायला सांगितलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

“थीसिस जमा हुई?”

“नहीं, मैडम.”

“और कोई पढ़ने आता है?”

“बहुत आते हैं.”

“रजिस्टर?”

“नहीं रखा.”

“इश्यू एक भी नहीं. बाईस साल में. क्यों?”

“मैंने दी नहीं, मैडम. काग़ज़ नाज़ुक है. टूट जाता है.”

टेबलाभोवती कुणीतरी हसलं. साधनाबाई हसल्या नाहीत.

“तो खल... खल्दकर जी, ये कमरा आपने ख़ुद बंद रखा.”

नरसिंह उठून उभे राहिले. ही पुस्तकं दुसरीकडे असतील, ते म्हणाले, पण खुणा दुसरीकडे नाहीत. त्यांनी बरोबर आणलेलं एक पुस्तक उघडून पुढे केलं. समासातली बारीक अक्षरं, सोहनी सरांनी अर्ध्यावर सोडलेली, पुढे त्यांनी पुरी केलेली. या पानावर मोलकरीण मालकिणीशी पहिल्यांदा मान वर करून बोलते, हे त्या अक्षरांवरून कळतं, हे त्यांना सांगायचं होतं. हिंदीत ते नीट सांगता येईना. शब्द घरून आणायचे राहिल्यासारखे ते मधेच थांबले.

साधनाबाईंनी पुस्तक जवळ घेतलं, दोन पानं उलटली.

“ये सब आपने लिखा है? लाइब्रेरी की किताब पे?”

“पेन्सिल से, मैडम.”

“सब किताबों में?”

“जी. सबमें,” सरांचं नाव न घेता ते म्हणाले.

त्यांनी पुस्तक मिटून परत दिलं. जमेल तितकं हळू म्हणाल्या, “ये बात मैं मिनट्स में नहीं लिखवा रही. आपकी नौकरी के आठ साल बाकी हैं.”

निर्णय त्याच दिवशी झाला. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘निरस्त’, म्हणजे रद्द, असा शिक्का मारायचा होता, आणि तो मारायचं काम त्या खोलीच्या माणसाचं. नरसिंहांना पाच दिवस लागले. हरिदास दोनदा मदतीला आला. त्यांनी त्याला बसवून ठेवलं, पण शिक्का हातात दिला नाही. जोरात दाबलं तर पान फाटेल म्हणून ते शिक्का नुसता टेकवत होते.

मग पुस्तकं खालच्या वऱ्हांड्यात लांब टेबलावर मांडली. ज्याला हवं त्याने तीन दिवसांत न्यावं, उरलेली रद्दीच्या ट्रकमध्ये जातील. कर्मचाऱ्यांनी घेऊ नयेत, अशी खाली टीप होती. पहिल्या दिवशी विद्यार्थी आले. एका मुलीने जुनी चित्रं बघून दोन नेली. एकाने एक उचललं, वास घेतला, खाली ठेवलं. नरसिंह टेबलाच्या टोकाला उभे होते. ते मुलांच्या वाटेत जाऊन म्हणू लागले, “ले जाओ, बेटा. घर ले जाओ. लौटाना नहीं है.” मुलं कावरीबावरी होऊन दूर सरकत. लातूरकडची दोघं चार-चार घेऊन गेली. खोलीवर जागा नाही म्हणाली. अक्षयाचा शनिवारी येते म्हणून निरोप आला. ट्रक शुक्रवारी सकाळी यायचा होता.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास वऱ्हांड्यात गिरिजाबाई आल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच ग्रंथालयात येत होत्या. घरून दोन बस बदलून, हातात भाजीच्या दोन मोठ्या पिशव्या.

“तू कशी काय?”

“कर्मचाऱ्यांनी न्यायची नाहीत ना? मी कुठे कर्मचारी आहे?” त्यांनी पिशव्या झटकल्या. टेबलाच्या टोकापर्यंत नजर फिरवली. “एवढी? बरं. दोन पिशव्यांत मावतील तेवढी. बोला, कुठली घेऊ?”

नरसिंह टेबलापाशी गेले. एका पुस्तकावर हात ठेवला. मग शेजारच्यावर. त्यात दोन जावा विहिरीवर बोलतात. त्याच्या शेजारी, ज्यात बाप मुलाला खोटं सांगतो. त्याच्या शेजारी सरांनी स्वतः पुण्याहून मांडीवर ठेवून आणलेलं. टेबलाच्या टोकापर्यंत ते चालत गेले आणि तसेच परत आले. हात रिकामे होते.

“अहो, बस चुकेल. सांगा ना.”

त्यांनी मान हलवली.

गिरिजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. पदर खोचला आणि जवळ होती ती घ्यायला सुरुवात केली, जशी हाताला येतील तशी. अंगावरची शाल काढून जास्त भरलेल्या पिशवीवर पांघरली. नरसिंह पिशव्या उचलायला पुढे झाले. “तुमची ड्यूटी आहे,” त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांत एकेक पिशवी घेऊन सावकाश पायऱ्या उतरू लागल्या.

गेटबाहेर त्या दिसेनाशा झाल्यावर ते परत टेबलापाशी आले. रांगेत मधे मधे जागा मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनी उरलेली पुस्तकं एकमेकांजवळ सरकवली, आणि पाच वाजेपर्यंत तिथे उभे राहिले.