एकोणीस जण लाइनवर

आत्याने तीस वर्षं एका कारखान्याचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. निवृत्तीनंतर एका दवाखान्याने तिला घरबसल्या फोन घ्यायचं काम देऊ केलं. अट एकच होती, निरोप आला की पाच मिनिटांत कॉम्प्युटरवर हजर. आणि तिचा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच अकरा मिनिटं घ्यायचा.

“म्हातारा झालाय माझ्यासारखा,” ती म्हणाली.

कॉम्प्युटरबरोबर आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमची यादी मी काढली. एकोणीस! प्रत्येकाने कधीतरी परवानगी मागितली होती आणि आत्याने कुणालाच नाही म्हटलं नव्हतं.

“यांना थांबवूया, आत्या.”

“नको गं, पुसले जातील.”

“कुठे जात नाहीत. हाक मारलीस की येतील.”

यादी वाचता वाचता तिने कपाळावर हात मारला. “म्हणजे एकोणीस जणांना मी एकदम लाइन देत होते? बोर्डावर असं केलं असतं तर पहिल्याच दिवशी घरी बसवलं असतं मला! सरक बाजूला.”

तिने एकेकाला थांबवलं. व्हायरसवर पहारा देणारा तेवढा ठेवला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर दीड मिनिटात पडदा उजळला. आत्याने पाठ ताठ केली आणि दवाखान्याला फोन लावला.

“नमस्कार. उद्यापासून मी हजर आहे.”